जर्दाळूंवरची कबुतरं

"अहो कबुतरवाले! खाली बघा जरा!"

छतावर वाळत घातलेल्या माझ्या जर्दाळूंवर पांढरे शिंतोडे... आणि शेजारच्या छतावर तो उंच मुलगा वर तोंड करून शीळ घालतोय! एल्योर त्याचं नाव, नुकताच आपल्या मावशीकडे राहायला आला होता. मी एवढी ओरडतेय तरी हा ढिम्म.

"खाली काय बघायचं?" तो म्हणाला. "तुम्हीच वर बघा ना... एकदाच."

मी चिडूनच मान वर केली, आणि भांडायचं विसरलेच. एक कबूतर पंख मिटून कोसळत होतं, कोलांट्यांवर कोलांट्या घेत, थेट आमच्या छताकडे... मी किंचाळले. तर ते सावरून पुन्हा वर! अगं बाई! याच मार्गिलान शहरात लहानाची मोठी झाले, पण हे आकाश मी कधी पाहिलंच नव्हतं. अंगावर काटा आला.

"आवडलं?"

"जर्दाळू कोण धुणार?" मी म्हटलं, पण आवाजात दम नव्हता.

त्यानेच धुतले. मग मी रोजच काही ना काही निमित्त काढून वर जाऊ लागले.

बाबांना मात्र आकाशाचं कौतुक नव्हतं. त्यांनी महल्ल्याच्या अक्सकालांना, म्हणजे आमच्या वडीलधाऱ्या पंचांना बोलावलं. द्राक्षवेलीखाली चहा झाला, दोन्ही घरं समोरासमोर बसली.

"मी अंगणात वाळवीन जर्दाळू," मी म्हटलं.

"अंगणात ऊन आहे कुठे?" बाबा खेकसले.

अक्सकाल एल्योरकडे वळले. "पोरा, शेजार तुटता कामा नये. तूच सांग."

"पाखरं जातील," तो हळूच म्हणाला.

त्याने कबुतरं दूर रिश्तान गावी मामाकडे पोचवली, खुराडं मोडलं. आणि मला म्हणाला, "पाखरं नाहीत तर इथे राहून काय करू? शनिवारी समरकंदला जातोय." मला रडूच फुटलं.

शनिवारी सकाळी तो छतावर खुराड्याच्या फळ्या गोळा करत होता. तेवढ्यात वर फडफड झाली. सगळीच्या सगळी परत आली होती! इतक्या लांबून... कसा सापडला असेल त्यांना रस्ता? मी श्वास रोखून बघत राहिले. घिरट्या घातल्या, खुराडं दिसेना, तशी ती माझ्या जर्दाळूंत उतरली. एक तर माझ्या खांद्यावरच बसलं.

"न्या की तुमची फौज!" मी कसंबसं म्हटलं.

"नाही नेता येत." तो हसत होता, पण डोळे भरले होते. "आम्हा कबुतरबाजांत ज्याच्या छतावर पाखरू उतरलं, त्याचं झालं. परत मागत नाहीत."

"म्हणजे ही... माझी?"

"तुझी."

पहिल्यांदाच 'तुझी' म्हणाला.

"मला शीळसुद्धा येत नाही," मी म्हटलं. "कुणीतरी शिकवायला राहावं लागेल."

"किती दिवस?"

"मठ्ठ आहे मी... जन्म जाईल."

"मुअत्तर!" खालून बाबा गरजले. "पुन्हा आली का त्या पोराची कबुतरं? आत्ता जातो अक्सकालांकडे!"

मी कठड्यावरून वाकले.

"त्यांना सांगा बाबा, शेजाऱ्यांचं भांडण मिटलं. आता हे घरातलंच आहे!"

एल्योरच्या हातातल्या फळ्या धाडकन खाली पडल्या.