डावा बूट सुटेना!

"हे नकोत, मावशी! हे घालून घरात शिरलीस तर सगळ्यांना वाटेल, घोडा आला!"

टिटवीनं शर्यतीचे ते चकचकीत, कडक बूट परत खोक्यात कोंबले. तोंडाला विश्रांती नाही, म्हणून तिचं नाव टिटवी. सुट्टी लागली की ती आणि तिचा धाकटा भाऊ मुंगळा मामाच्या सायकलच्या दुकानात मुक्काम ठोकायचे. शेजारचा चष्मेवाला प्रोफेसरही तिथंच. वय तेरा, बोलणं साठीचं!

मावशीच्या सायकलला नवी क्लिपलेस पेडलं बसली होती. नाव क्लिपलेस, पण काम मात्र अडकवायचं! बुटाच्या तळव्याला दोन स्क्रूंनी एक छोटी धातूची पट्टी बसवायची. पाय दाबला की ती 'टक्' करून पेडलमध्ये बसते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. रविवारी मावशी या तिघांना डोंगरापलीकडच्या तळ्यावर नेणार होती. तेव्हा चढावर पेडलं मारता येतील आणि दगडधोंड्यांतून चालताही येईल असे बूट हवे होते.

"तळव्याला खोलगट खाच पाहिजे," प्रोफेसर चष्मा सावरत म्हणाला. "पट्टी आत राहिली की चालताना खटखटत नाही. तळवा मधे कडक आणि बोटांकडे जरा मऊ!"

"आणि नाडी साखळीत जाऊ नये!" मुंगळा म्हणाला. त्याची नाडी एकदा गेली होती. तो अनुभवाचे बोल बोलत होता.

टिटवीनं अख्खी फळी उपसली आणि एक मातकट रंगाचा जोड शोधून काढला. दिसायला अगदी रोजचे बूट. खाली खाच, वर नाडी खोचायला रबरी पट्टा. मावशी ते घालून दुकानात फिरली, उकिडवी बसली, पायरी चढली.

"अगं, हे घालून मी भाजीलासुद्धा जाईन! टिटवे, तुझी निवड म्हणजे निवड!"

टिटवीची कॉलर ताठ! मामानं पट्ट्या बसवल्या आणि म्हणाला, "ताई, एक चक्कर मारून ये, मग बघू." मावशी चक्कर मारून आली ती फुलूनच. "मस्त! झकास!" म्हणत तशीच घरी गेली.

आणि दुसऱ्या दिवशी घराच्या फाटकापाशी थांबताना... धप्प! मावशी सायकलसकट आडवी. मुलांनी धावत जाऊन उचललं. ती हसली, मुलंही हसली. पण त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा धप्प! या वेळी कुणीच हसलं नाही.

मावशी पायरीवर बसून कोपराची धूळ झटकत राहिली. "पाय सुटतच नाही गं वेळेवर. माझं वय नाही राहिलं या खेळांचं. तळ्यावर तुम्ही मामाबरोबर जा. आणि त्याला म्हणावं, सायकलला कुणी गिऱ्हाईक असलं तर बघ."

मावशीनंच टिटवीला सायकल शिकवली होती, मागं धावत, सीट धरून. आणि आता मावशी स्वतःच सायकल विकायला निघाली होती, तेही टिटवीनं निवडलेल्या बुटांमुळं!

टिटवी चक्क गप्प बसली. मुंगळ्याला काळजीच वाटली. "ताई, तुला ताप आलाय का?"

"गप रे. बघ ना, मावशी दोन्ही वेळा डावीकडेच पडली."

"योगायोग!" प्रोफेसर म्हणाला.

तेवढ्यात शाळेतल्या खेळाच्या बाई सायकल हातात धरून रस्त्यानं चालल्या होत्या. त्यांच्या कोपराला पट्टी होती. डाव्याच कोपराला!

टिटवी फाटकावर चढली. "बाई! तुम्ही पण थांबतानाच पडलात का?"

"हळू बोल गं! अख्ख्या गल्लीला सांगतेस काय? हो, थांबले आणि आडवी झाले."

"आणि बूट मामाच्या दुकानातले?"

"मागच्याच आठवड्यात घेतले. पण तुला कसं कळलं?"

उत्तर द्यायला टिटवी जागेवर होती कुठं! ती मावशीचे बूट घेऊन अंगणात बसलीसुद्धा. खेळाच्या बाई दोरीवरून उलट्या उड्या मारतात. त्या पडल्या, म्हणजे वयाचा काही संबंध नाही!

तिनं उजवा बूट उलटा केला. पट्टी घट्ट, दोन स्क्रू जागच्या जागी. डावा उलटा केला. मुंगळ्यानं पट्टीला बोट लावलं आणि ती घड्याळाच्या काट्यासारखी गर्रकन फिरली!

"एक स्क्रूच नाही!" तो ओरडला.

प्रोफेसरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे टाच वळवली की बूट वळतो, पण पट्टी पेडलमध्ये तशीच राहते. पाय सुटणार कसा?"

"चला मामाकडे!"

मामा दुकानात शीळ घालत चाक फिरवत होता. टिटवीनं बूट त्याच्या नाकासमोर धरला. "मामा, डाव्या बुटाचा दुसरा स्क्रू कुठाय?"

"असेल की! माझी पद्धत आहे. उजवा पक्का करायचा. डाव्याचा एक स्क्रू आवळायचा, दुसरा नुसता हातानं लावायचा. गिऱ्हाईक चक्कर मारून आलं की पट्टी सरळ हवी का तिरकी, ते सांगतं. मग तो पक्का करायचा."

"मावशी आली तेव्हा केलास?"

मामाची शीळ थांबली. "ती... ती खुशीत होती. मग फोन आला... अरे देवा!"

"आणि कुणाकुणाचा राहिलाय?"

"दाताचे डॉक्टर! आत्ताच चक्कर मारायला गेलेत. उताराच्या गल्लीनं!"

ती गल्ली दगडी फरशीची. सायकल खडखडखडखड हादरणार आणि स्क्रू गळणार! उजव्या हाताला भिंत, डाव्या हाताला उघडा, खोल नाला. आणि तळाशी मोठा रस्ता, म्हणजे तिथं थांबावंच लागणार!

मामा पाना शोधत राहिला आणि तिघं मधल्या पायऱ्यांनी सुसाट सुटले. तळाशी पोचले तोवर डॉक्टर वळणावर दिसले, उंच, हसतमुख आणि निवांत.

"थां..." मुंगळ्यानं तोंड उघडलं. टिटवीनं त्यावर हात दाबला.

"वेड्या, थांबले की डावीकडे पडतील! नाल्यात!" आणि मग तिनं देवानं दिलेला तो सगळा आवाज लावला. "डॉक्टर! हळू या! भिंत धरा! उजवा पाय काढा! उजवा!"

"काय गं, दाढ दुखतेय का?"

"दाढ नंतर! आधी उजवा पाय!"

टिटवीच्या आवाजापुढं भले भले ऐकतात. डॉक्टरांनी ब्रेक दाबत उजवा पाय सोडवला, टेकवला, भिंत धरली. मग डावी टाच वळवली. पुन्हा वळवली. "अरेच्चा! हा निघतच नाही!" त्यांनी नाल्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. शेवटी नाडी सोडून पाय बाहेर काढला. डॉक्टर एका मोज्यावर उभे आणि बूट पेडलला लटकलेला!

मामा धापा टाकत आला. लटकता बूट बघून मटकन पायरीवरच बसला. "डॉक्टर, चूक माझी. मुलांनी वाचवलं तुम्हाला. आणि मलाही."

"हे सगळं या डोक्यातून निघालं होय?" डॉक्टरांनी टिटवीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास! पडण्याआधी सावरणारी माणसं कुठं मिळतात?"

मामा तसाच खेळाच्या बाईंकडे गेला, कान पकडून माफी मागून, नवा स्क्रू बसवून आला. मग मावशीच्या समोर बसून त्यानं तिचा बूट मांडीवर घेतला. "ताई, तुझं वय नाही झालं गं. माझं लक्ष नव्हतं. आता दोन्ही पक्के केल्याशिवाय कुणाला दुकानाची पायरी उतरू देणार नाही."

मावशीनं त्याला एक धपाटा घातला, मग त्याच्या केसांतून हात फिरवला. "आणि या कार्टीला बिचारीला मी उगाच रडवलं!"

"मी कुठं रडले!" टिटवी नाक पुसत म्हणाली.

रविवारी सकाळी मावशी गल्लीतून भरधाव आली. फाटकापाशी टिटवीनं श्वास रोखला. मावशीनं ब्रेक दाबला, टाच वळवली... टक्! डावा पाय जमिनीवर, पाठ ताठ, मान उंच!

"बघत काय उभी राहिलीस टिटवे? सायकल काढ! तळं काय इकडं येणार आहे?"