एकदाच विचारणारी मुलगी

बस थांबली ती गायीमुळे.

रस्त्याच्या मधोमध एक काळीपांढरी गाय ठाण मांडून बसली होती. तिच्या मानेशी एक उंच माणूस चिखलात गुडघे टेकून, एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात उंच धरलेली बाटली घेऊन मदतीसाठी इकडेतिकडे बघत होता.

पंचाण्णव सालचा ऑक्टोबर. किलनाबेग अजून मैलभर लांब. उत्तर आयर्लंडच्या त्या कोपऱ्यात पाऊस पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता, नुसता हवेत लोंबकळत होता. वैजयंतीने घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. ही मुलगी पायाला भिंगरी बांधूनच जन्मलेली. घरी, लंडनजवळच्या स्लाऊला, सिग्नलपाशी गाडी थांबली तरी हिची बोटं स्टिअरिंगवर ताशा बडवायची. तिला बसमध्ये बसवेना. उतरली.

"हात रिकामे आहेत का तुमचे?" त्या माणसाने मान वर न करता इंग्रजीत विचारलं, अगदी तिथल्या मातीतल्या हेलात. "एवढी बाटली उंच धरा. कालच व्यालीये, कॅल्शियम उतरलंय हिचं."

वैजयंतीने बाटली धरली. थंड पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आत शिरलं.

"आई गं... कुठे येऊन पडले मी!" ती मराठीत पुटपुटली.

"पडू नका," खालून मराठीतच उत्तर आलं. "बाटली खाली येईल."

आता मात्र बाटली पडायचीच बाकी राहिली. टोपीखालून दोन काळेभोर डोळे तिच्याकडे बघून हसत होते.

"मी उदय. इथला जनावरांचा डॉक्टर. बाबा पण इथेच डॉक्टर होते तीस वर्षं... माणसांचे." तेवढ्यात गायीने मोठी ढेकर दिली आणि धडपडत चार पायांवर उभी राहिली. हा लहान पोरासारखा ओरडला, "उठला! गाय उठला!"

"उठली," वैजयंती म्हणाली.

"ते पण," तो म्हणाला.

बसमधल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या गायीसाठी की आणखी कशासाठी, ते तिला कळलं नाही. पण गाल उगीचच तापले.

गावातला केमिस्ट घसरून पडला होता, कंबर मोडून इस्पितळात होता. त्याचं दुकान चार आठवडे सांभाळायला वैजयंती आली होती. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण स्लाऊच्या स्वयंपाकघरात उभं होतं, हातात पोळी घेऊन. तिची आई, सुलक्षणाबाई! माणूस "नको नको" म्हणेपर्यंत त्याच्या पानात दुसरी पोळी टाकलेली असायची. आणि जसं पोळ्यांचं, तसं मुलांचं. दर रविवारी जेवायला एक नवा डॉक्टर. या आग्रहाला विटून वैजयंतीने स्वतःपुरता नियम केला होता: आपण कुणाला एकदाच विचारायचं, आणि तो जे म्हणेल ते खरं धरायचं.

तो नियम घेऊन ती किलनाबेगला आली.

दुकानात म्हातारीकोतारी यायची. "बसा ना," ती खुर्ची दाखवायची. "छे छे, बरी आहे मी उभी," म्हातारी म्हणायची. "बरं," म्हणून ही कामाला लागायची. म्हातारी पायावरचा भार बदलत खुर्चीकडे बघत राहायची. आठ दिवसांत गावभर झालं: मुलगी हुशार आहे, पण काळीज दगडाचं.

उदय मात्र रोज यायचा.

"आज काय?"

"खोकला."

"खोकून दाखव."

तो खोकला.

"हा खोटा आहे."

"मग गोळ्या पण खोट्या दे."

ती हसू दाबत गोळ्यांची डबी पुढे सरकवायची. त्याची बोटं डबीवर जरा जास्तच रेंगाळायची... आणि तो गेला की दुकान एकदम मोठं, रिकामं वाटायचं. मग ती उगाच दारापर्यंत जायची, रस्ता बघायची, परत यायची. पुन्हा जायची.

तिसऱ्या आठवड्यात त्याने तिला तळ्यावर नेलं. पाण्यावर धुकं होतं, पलीकडच्या बेटावर मेंढ्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या हलत होत्या. तो बाकावर बसला. ही फेऱ्या मारत राहिली.

"तू कधी बसत का नाहीस?"

"बसलं की विचार येतात."

"कुणाचे?"

वैजयंती थबकली. पाण्याकडे बघत म्हणाली, "बस आली का बघ."

"इथे बस येत नाही."

"तरी बघ."

तो गुमान उठून बघायला गेला. वेडाच!

शेवटच्या बुधवारी आईचा फोन आला. "रविवारी साउथहॅम्प्टनचा मुलगा येतोय जेवायला. हृदयाचा डॉक्टर आहे, आणखी काय हवं तुला? हे बघ वैजू, तुझ्या मनात दुसरं कुणी असेल तर माझ्यासमोर आणून बसव. नाहीतर या वेळी मी होकार देऊन टाकणार."

संध्याकाळी दुकान बंद करताना उदय आला. वैजयंतीने श्वास घेतला, आणि तिच्या रीतीने एकदाच विचारलं.

"रविवारी चल माझ्याबरोबर. स्लाऊला, आईकडे जेवायला."

त्याचे कान लालबुंद झाले. "छे छे... कशाला उगाच त्रास तुम्हा लोकांना..."

"बरं," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

पुढचे दोन दिवस तिने दुकानातल्या बाटल्या आधी नावाप्रमाणे लावल्या, मग उंचीप्रमाणे, मग परत नावाप्रमाणे. उदय फिरकला नाही. शुक्रवारी तिची घरमालकीण, मिसेस मॅग्वायर, एका हातात किटली, दुसरा हात कंबरेवर ठेवून समोर उभी राहिली.

"पोरी, चालून चालून माझी जमीन झिजली. काय झालं?"

"काही नाही. मी विचारलं, तो नाही म्हणाला."

"किती वेळा विचारलंस?"

"एकदा."

म्हातारीने हातातली किटली खाली ठेवली. "एकदा? अगं, एकदा विचारलं म्हणजे न विचारल्यासारखंच! पहिल्या खेपेला हो म्हणतो तो हावरट. दुसऱ्यांदा नाही म्हणून बघायचं, समोरचं मनापासून विचारतंय का. तिसऱ्यांदा हो म्हणायचं. तो या गावात वाढलाय. बिचारा दोन दिवस वाट बघत बसला असेल, तू पुन्हा कधी विचारतेस म्हणून!"

वैजयंती मटकन खुर्चीत बसली. आईच्या आग्रहापासून समुद्र ओलांडून पळाली होती, आणि थेट आग्रहाच्या माहेरी येऊन पोचली होती.

शनिवारी परतीची अकराची बस. नऊ वाजता ती एका गोठ्यात चिखल तुडवत शिरली. उदयचा उजवा हात खांद्यापर्यंत एका गायीच्या आत होता. शेपूट धरून उभा असलेला शेतकरी तिच्याकडे बघून गालात हसला.

"वैजयंती? आत्ता?" तो हलूही शकत नव्हता.

"आत्ताच. अकराची बस आहे. चल स्लाऊला."

"नाही गं... तुझ्या आईला उगाच..."

दुसरं 'नाही' झालं. आता तिसऱ्यांदा विचारायचं. शब्द ओठांवर आले, पण तिचं धैर्य संपलं. ही रीत नसेलच तर? याला खरंच यायचं नसेल तर? तिने कोटाची बटणं लावली आणि दाराकडे वळली.

"थांब!" मागून हाक आली. "एक राहिलं ना! तिसऱ्यांदा विचार ना!"

तिने वळून पाहिलं. हसावं की रडावं कळेना. "नाही विचारणार. दोनदा मी तुझ्या गावासारखी वागले. आता एकदा तू माझ्यासारखा वाग. काय हवंय ते सरळ सांग."

भाषा न कळूनही शेतकऱ्याने टोपी काढली.

"मला यायचंय," उदय म्हणाला. "पहिल्या दिवसापासून यायचंय. मला खोकला नव्हता, वैजयंती. सगळ्या डब्या गाडीत तशाच पडल्यात. मला... तू पाहिजे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याआधी हसू आलं. "मग हात बाहेर काढ," ती म्हणाली, "आणि आधी आंघोळ कर."

साडेदहाला दुकानातून तिने फोन लावला. तो शेजारी ओल्या केसांनी, इस्त्री मोडलेल्या शर्टात उभा.

"आई, उद्या आणखी एकजण येतोय."

"कोण?"

"मराठी मुलगा. डॉक्टर आहे."

"कशाचा?"

"गायींचा."

पलीकडे लाटणं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सुलक्षणाबाई म्हणाल्या, "दे त्याला फोन."

उदयने फोन कानाला लावला. नाव, गाव, आडनाव काही नाही. एकच प्रश्न आला, आणि तो शेजारी उभ्या वैजयंतीलाही ऐकू आला.

"माझी मुलगी आवडते का रे तुला?"

"हो," तो म्हणाला. श्वाससुद्धा न घेता.

वैजयंतीने फोन परत घेतला.

"वैजू, त्या हृदयवाल्याला मी कळवते," आई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "पण काय गं... मुलगा जरा उतावळाच दिसतो."