मिठाच्या पाण्याचे पिंजरे

आपण गरोदर आहोत हे लपवण्यात वसुंधराचा फायदाच फायदा होता. सांगितलं असतं तर प्रयोगशाळाप्रमुख देवेशसरांनी आधी अभिनंदन केलं असतं, मग पेढे मागितले असते आणि पेढा तोंडात असतानाच किरणोत्सारी खोलीची किल्ली काढून घेतली असती. पोटुशी बाईने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा प्रयोगशाळेचा नियम. आणि उंदरांच्या रक्तातली संप्रेरकं मोजायची ती त्याच खोलीत. किल्ली गेली की काम हाताखालच्या अनुयाकडे, कामामागून शोधनिबंधावरचं पहिलं नाव अनुयाचं, नावामागून कायमची जागाही तिचीच. उलट गप्प राहायला खर्च तो काय? सकाळच्या ओकाऱ्या नळ मोठा सोडून काढायच्या आणि वरून सैल ॲप्रन घालायचा.

ठाऊक होतं फक्त नवऱ्याला, गुरुदत्तला. त्याने एकदाच विचारलं, "आणि बाळाचं काय?"

"बाळाला कुठे नोकरी लागायचीय?" ती म्हणाली.

तिसऱ्या महिन्यात, तळ्याकाठच्या दवाखान्यात डॉक्टर हलीमाबाईंनी पोटावर यंत्र टेकवून तिला ठोके ऐकवले होते. दुडक्या चालीचे, घाईचे. दोघींनी ऐकले होते, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

साल नव्वद-एक्याण्णव. नवीन पनवेलच्या सेक्टरांत तेव्हा झाडांपेक्षा विजेचे खांब जास्त होते. प्रयोगशाळा विचुंब्याच्या रस्त्याला, भातखाचरांना लागून, आणि तिच्या पाठीशी उंदरांचं प्राणिघर. आत तूस, फिनेल आणि उंदरांचा आंबूस वास. नवख्याला तो सोसत नाही. वसुंधराला आताशा त्या वासातच बरं वाटायचं.

प्रयोग सांगायला सोपा. मेंदूच्या तळाशी एक इवलीशी जागा असते. तिथून पेप्टाइडं सुटतात आणि खालच्या ग्रंथीला हुकूम देतात, की बीज पिकवणारं संप्रेरक आता सोड, आता आवर. हा हुकूमच अडवणारं एक पेप्टाइड सरांच्या हाती लागलं होतं. माद्यांच्या कवटीत केसासारखी बारीक नळी बसवलेली. डाव्या भिंतीच्या माद्यांना तिच्यातून पेप्टाइड द्यायचं, उजव्या भिंतीच्या माद्यांना नुसतं मिठाचं पाणी. रोज सकाळी ड्रॉपरने मादीच्या अंगातला थेंब घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायच्या, की तिचं चक्र कुठवर आलंय ते कळतं. डावीकडची चक्रं थांबायला हवीत, उजवीकडची चालू राहायला हवीत. डावी भिंत अनुयाकडे, उजवी वसुंधराकडे.

डावीकडची थांबली.

उजवीकडचीही थांबली.

"ताई, हात जड झाला तुमचा," अनुया हसत म्हणाली. टोमणा नेमका होता. ड्रॉपर जरा खोल गेला, की मादीच्या मेंदूला वाटतं नर येऊन गेला. मग खोटं गरोदरपण लागतं. दोनेक आठवड्यांत आपलं आपण उतरतं.

दोन आठवडे गेले. उतरलं नाही. उजवीकडच्या माद्यांची पोटं टरारली.

"बाई, ह्या पोटुशा हायत," प्राणिघराचा विठू म्हणाला.

"विठू, या खोलीत एक तरी नर आहे का?"

"मी हाय," म्हणून विठू आपल्याच विनोदाला हसला. मग त्याचं हसू विरलं. "नाय पण बाई, बगा तरी. घरटी बांदलीत."

खरंच बांधली होती. तूस आणि कागदाचे कपटे ओढून केलेले गोल खळगे. आठवड्याभरात पोटं उतरली, तरी सगळे खळगे रिकामे. आणि त्या रिकाम्या खळग्यांवर माद्या पाठीची कमान करून उभ्या होत्या, पाजणारी मादी उभी राहते तशा. सड ओले होते.

वसुंधराने एका घरट्यात बोट घातलं. ऊब होती. असणारच, मादी बसून उठली होती.

मग बोटाच्या टोकाला काहीतरी मऊ चिकटलं आणि बोट ओढलं गेलं. हलकेच. पुन्हा. पुन्हा.

तिने हात काढला, स्पिरिटने धुतला.

"पिलं असती तर ओरडली असती," ती म्हणाली.

"ती आपल्याला कुठून ऐकू येणार, ताई?" अनुया खिडकीपाशी काच पुसत होती. "त्यांचा आवाज आपल्या कानापलीकडचा. आईला तेवढा कळतो. पिलू ओरडलं की तिच्या मेंदूतून संप्रेरक सुटतं नि दूध उतरतं. तुम्हीच तर शिकवलंत."

घरी गुरुदत्त ताट वाढताना थबकला. "अगं, तुझं पोट उतरलंय. परकर पुन्हा पहिल्यासारखा कमरेवर बसलाय."

दुसऱ्या दिवशी हलीमाबाईंनी यंत्र पोटावर इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. पडद्याकडे पाहत राहिल्या.

"गेलं का?" वसुंधराने विचारलं.

"गेलं असतं तर काही निशाणी राहिली असती, बेटी. रक्त गेलं? दुखलं?"

"नाही."

"पिशवी अशी आहे, जसं कुणी राहायलाच आलं नव्हतं."

"ठोके तुम्ही ऐकले होते."

हलीमाबाईंनी पडदा बंद केला. "ऐकले होते," त्या म्हणाल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या.

वसुंधरा तिथून तडक प्राणिघरात आली. माद्यांनी तिच्याकडे पाहिलं. एकेक मादी जबडा उघडून वाकली, काहीतरी जड उचलल्यासारखी मान ताणली आणि पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात, तिच्यापासून दूर, जपून ठेवून आली. तोंडात काहीच नव्हतं.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. परिषद तोंडावर आली होती.

"उजव्या भिंतीचं काय झालंय ते मला विचारायचं नाही, तूही सांगू नकोस," ते म्हणाले. "मिठाच्या पाण्याचे नवे आकडे अनुया करेल. नाव पहिलं तुझंच राहील, जागाही तुझीच. ते पिंजरे मात्र नव्हतेच कधी. आज मोकळे कर."

"थोडे दिवस ठेवले तर, सर?"

"ठेव की. मग निबंधात काय लिहू? नराविना पिलं? तीही न दिसणारी?"

आता लपवायला पोटात काही नव्हतं. सांगायला तर त्याहूनही कमी होतं. कायमची जागा तेवढी समोर होती. ती "हो" म्हणाली.

क्लोरोफॉर्मची बरणी तिने स्वतः उघडली. माद्या झटापट न करता गेल्या. त्यांच्या माना शेवटपर्यंत घरट्यांकडे वळलेल्या होत्या.

"आणि हे तूस?" विठूने विचारलं.

"जाळ."

हिशेब असा मिटला. सरांना परिषद, अनुयाला निबंधावर दुसरं नाव, वसुंधराला जागा. उंदरिणींनी आपल्या वाट्याचं भरलं होतं.

प्राणिघरामागे, भर दुपारी, विठूने पिंपात जाळ केला आणि घरटी एकेक करून आत टाकली. तूस तडतडलं. शेतात बगळे होते, ते उडाले नाहीत. विठूने बिडी शिलगावली. अनुया दारात उभी राहून केस बांधत होती. कुणालाच काही ऐकू आलं नाही.

वसुंधराने खाली पाहिलं. ॲप्रनवर, छातीशी, दोन ओले डाग हळूहळू पसरत होते.