तीन सेन्सर, एकच खोटं

"मला चौकशीबिवकशी नको, मॅडम. गोरख्यानं युरिया चोरून टाकीत पाणी घातलं एवढं लेखी द्या. पुढचं मी आणि पोलीस बघतो."

सावळाराममामांनी अजून जीप बंदसुद्धा केली नव्हती. उभा जन्म एस.टी. हाकण्यात गेलेला हा माणूस. नाना तऱ्हेची माणसं त्यांनी वाहिली होती, पण आधी निकाल आणि मग चौकशी मागणारा हा इंद्रजित रेणुसे त्यांना पहिलाच भेटला.

शेफाली मामांची सख्खी भाची. सारोळ्याला हायवेलगत तिचं ऑफिस होतं. जड मशिनरी का बिघडली, की कुणी बिघडवली, हे शोधून द्यायचा तिचा धंदा. मामा तिची जीप चालवायचे आणि तिच्या डोक्यात काय चाललंय ते सगळ्यांत शेवटी ओळखायचे.

पानशेतच्या वरच्या अंगाला रेणुसे डोंगर कापून पुण्याच्या लोकांसाठी बंगले बांधत होता. मधोमध पोकलेन उभी होती. तिला झेंडूचा हार, बोनेटवर हळदकुंकू, पुढं लिंबू-मिरची. नवरी तरी एवढी नटते का, असं मामांच्या मनात आलं.

"बघताय ना? दर अमावस्येला पाच-पाच नारळ वाढवतो मी हिला. आधी एकच वाढवायचो. ही साडेसाती लागली तसे पाच केले. तरी चोर घरातच निघाला, हिचाच ड्रायव्हर!"

"पुरावा काय?" शेफालीनं विचारलं.

"मशीनच सांगतंय की! सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी फवारतात, त्याच्या टाकीत सेन्सर असतो. युरिया पातळ झाला की लाल दिवा लागतो आणि मशिनीत जीवच राहत नाही. तीन सेन्सर बदलले, तिन्ही तेच बोलतात. सेन्सर काय लाच खातो?"

मामांना हे पटलं. तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हणजे आणखी काय हवं!

"परवा भैरवनाथाच्या देवळात माईकवरून सांगितलंय मी, गोरख्या ढेबे चोर आहे. आता पानशेतपासून भोरपर्यंत कोण त्याला मशिनीवर चढू देतंय बघतोच."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! आणि वर तोंडावर ऐट अशी, की जणू गावाला नळयोजनाच आणून दिली.

वरच्या करवंदीच्या जाळीपाशी एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. पापणीही न लवता ती खाली बघत होती.

"त्याची आई, भागूबाई," रेणुसे म्हणाला. "रोज येऊन बसते. धनगरांना काय, वेळच वेळ."

 शेफालीनं टाकीचं सील तोडायला लावलं. या खेपेला लाल दिवा लागला त्या दिवसापासून टाकीला रेणुसेचंच सील होतं. दोन थेंब काढून तिनं एका बारक्या नळीच्या काचेवर टाकले आणि नळी उजेडाकडे धरून डोळा लावला.

"उसाची गोडी बघायचं यंत्र ना गं हे?" मामांनी विचारलं.

"त्याचाच भाऊ. बघा, रेघ हवी तिथंच आहे. युरिया चोख आहे. वरून एक थेंबही पाणी घातलेलं नाही."

"मग तुमची काच खोटी!" रेणुसे भडकला. मामांना वाटलं, याला उद्या आरसाही खोटाच वाटेल.

शेफालीनं सुपरवायझर रोहिदासला बोलावलं. युरियाचे कॅन तोच आणायचा, किल्लीही त्याच्याकडेच असायची.

"गोरख टाकी भरतो तेव्हा तुम्ही कुठं असता?"

"शेजारीच. कॅनचं सील मी फोडतो."

"मग त्यानं पाणी घातलं कधी?"

रोहिदासनं मालकाकडं पाहिलं. "आता मालक म्हणतात म्हटल्यावर घातलंच असंल की."

मालक म्हणाले तर हा बैलाचंही दूध काढायला बसेल, मामा पुटपुटले.

मग गोरख आला. तरणाबांड गडी, पण मान खाली. बोलावलं तरी मशिनीपासून चार हात लांबच उभा राहिला.

"अमुशाला आमी मशीन चालवत न्हाई, ताई. म्या वाडीवर असतो. दुसऱ्या दिशी येऊन चावी फिरवली की लाल दिवा. दर टायमाला ह्येच. म्या युरियाला कशाला हात लावू? त्यो काय प्यायचाय व्हय?"

"ऐका! सुट्टीच्या आडून चोरी," रेणुसे म्हणाला.

शेफालीनं कंपनीच्या मेकॅनिकला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"तिन्ही वेळा सेन्सर मीच बदलला, मॅडम."

"आणि ज्या प्लगला तो जोडला, तो वायरीकडचा प्लग?"

"तो कशाला बदलायचा? तो जुनाच आहे. बिघाडाचा कोड सेन्सरचा येत होता."

"उघडून बघितला? आत साफ केला?"

"आम्ही कोड वाचतो आणि पार्ट बदलतो."

शेफालीनं फोन बंद केला. "याला पगार मेकॅनिकचा मिळतो आणि काम टपाल्याचं करतो."

एवढ्यात मामा कोकलले. पाय दुखले म्हणून ते टाकीवरच्या लोखंडी पायरीवर टेकले होते. उठताना पायरीखाली हात घातला, तर बोटांना लाल मुंग्या डसल्या.

"आई आई गं! कुठनं आल्या या भवान्या?"

शेफाली धावत आली ती मामांकडं बघायला नाही, मुंग्या बघायला. गुडघ्यावर बसून तिनं पायरीखाली बॅटरी मारली, बोट घातलं, वास घेतला. बोटाला तपकिरी चिकटा लागला होता.

"मामा, युरियाला मुंग्या लागतात का?"

"खताच्या पोत्याला लागलेल्या मी तरी नाही बघितल्या."

"मग खालच्या टपरीवरून एक नारळ आणा. हलवून घ्या, पाणी भरपूर हवं."

मुंग्या आपल्याला चावल्या आणि हिला नारळाचे डोहाळे लागले! मामा बोटं चोखत गेले.

ते परतले तोवर शेफालीनं पायरीखालचा प्लग उघडून, पुसून, सुकवून पुन्हा लावला होता. रोहिदासनं चावी फिरवली. पोकलेन गुरगुरली. लाल दिवा नव्हता.

"झाली! गोरख्याला हाकलला आणि देव पावला बघा," रेणुसे म्हणाला.

"मग नारळ वाढवा की. नेहमीच्याच जागी, नेहमीसारखा."

रेणुसेनं चपला काढल्या, डोळे मिटले आणि नारळ काडकन पायरीच्या कडेवर आपटला. पायरीच्या भोकांतून पाणी खाली पाझरलं.

"आता थांबा जरा," शेफाली म्हणाली.

पोकलेन गुरगुरत राहिली. मग केबिनमधून रोहिदासचा बारीक आवाज आला, "मालक... लागला."

"लाल?" मामांनी विचारलं.

"लालच."

शेफालीनं मशीन बंद करायला लावली, प्लग ओढून काढला आणि रेणुसेच्या नाकासमोर उलटा केला. त्यातून थेंब टपकला.

"सेन्सर तीन आले, पण तिघांचं तोंड एकच, हा जुना प्लग. याची रबरी कड फाटलीय. आत पाणी शिरलं की सेन्सरचा निरोप बिघडतो, आणि मशीन समजतं युरिया पातळ झाला. नवा सेन्सर लावताना प्लग हलायचा, तेवढ्यावर चार दिवस निभायचं. पुढच्या अमावस्येला तुम्ही हजर. युरियाला मुंग्या लागत नाहीत, रेणुसे. नारळाच्या गोड पाण्याला लागतात. तुम्ही एकाचे पाच केलेत आणि आजार पाचपट वाढवलात."

मामांच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. "म्हणजे यानं औषध म्हणून पाजलं, तेच विष!"

"म्हणजे देवाच्या कामात..." रेणुसे चाचरला.

"देवाला मध्ये ओढू नका. नारळ खाली दगडावर वाढवतात. दगड समोरच आहे, पण तुम्हाला वाकायला नको. पायरी कमरेइतकी उंच, आयती मिळाली. तुमची कंबर वाकेना म्हणून या पोराची मान खाली घातलीत."

रेणुसेनं घाम पुसला, मग उसनं हसला. "बरं, झालं गेलं गंगेला मिळालं. गोरख्या, उद्यापासून ये कामावर."

गोरखनं आता कुठं मान वर केली.

"न्हाई मालक. जितं चोर म्हनलात, तितंच आधी बोला."

"अरे, माणसं काय म्हणतील मला?"

"मला काय म्हनली, त्ये इचारलंत का कंदी?"

शेफालीनं पिशवी खांद्याला लावली. "लेखी हवं होतं ना? देते. देवळात वाचायलाही उपयोगी पडेल."

रविवारी भैरवनाथाच्या देवळात माणूस मावत नव्हता. मामा मुद्दाम पुढं जाऊन बसले. असला तमाशा चुकवायचा नाही, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. रेणुसे उठला, माईक छातीपाशी धरला आणि जमिनीकडं बघत काहीतरी पुटपुटला. त्यात 'गोरख' होतं, 'गैरसमज' होतं, बाकी हवेत गेलं.

मागच्या खांबाला टेकून भागूबाई उभी होती. इतके दिवस जाळीपाशी मुकी बसलेली म्हातारी पदर सावरून म्हणाली,

"मालक, मोठ्यानं बोला. चोर म्हनताना तुमचा आवाज हितवर येत हुता."

रेणुसेनं माईक तोंडाजवळ घेतला.