चौदा नंबरचा टॉवेल

बस, कांता. तुझ्या खांद्यावरच्या टॉवेलाचा वास तुझ्या आधी दारात आला, तेव्हाच कळलं कशाला आलीस ते. लाजू नकोस. नव्या संसारात सगळ्यांचेच टॉवेल कुबट होतात. नुसता साबण चोळून काही होत नाही, उलट तो आतच मुरतो. कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकायचा, टॉवेल तासभर बुडवून ठेवायचा, मग उकळायचा. दोन पाण्यांतून खळबळून काढला की गॅलरीत पसरून घालायचा, दुमडून नाही. घडीत ओल राहिली की वास आलाच. एवढं केलंस की कुठलाही वास जातो.

एक सोडून. तेही सांगते, पण नळावर बोलू नकोस. लोकांना उत्तरं देऊन देऊन मी कंटाळले आहे.

छप्पन्न सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून सगळं लालबाग रस्त्यावर होतं. चाळीखाली अश्रुधूर सुटला की आम्ही बायका पोरांना ओले टॉवेल द्यायचो, डोळ्यांना लावायला. ह्यांनी गिरणीतून आणलेल्या कापडाचे मी सहा टॉवेल शिवले होते. गॅलरीत धुणी मिसळतात, म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं आमच्या खोलीचा नंबर काढला होता, १४. त्या दिवशी सहाच्या सहा दिले.

सहावा एका पोराच्या हातात दिला. विशीतला असेल. डोळे मिटून, कठडा चाचपत जिना चढून आला होता. आणि माझा स्वभाव मेला असा, की त्या गडबडीतही म्हटलं, "परत आणून दे हं. एवढेच आहेत आमच्याकडे."

मिटल्या डोळ्यांनीच हसला. "आणतो की मावशी. धुऊन, वास काढून आणतो."

टॉवेल गळ्याभोवती गुंडाळून खाली उतरला. तासाभरात नाक्याकडून गोळ्यांचे आवाज आले.

संध्याकाळी हे घरी आले ते भिंतीला टेकून बसले. "तुझा टॉवेल दिसला," म्हणाले. "एका पोराच्या गळ्यात होता. त्याला उचलून गाडीत घातलं..."

"जिवंत होता?"

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली.

बाकीचे पाच टॉवेल त्याच संध्याकाळी परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी नळावरून पाणी भरून आले, तर गॅलरीत वळणीच्या दोरीवर सहावा. नीट पसरलेला, टपटप गळत असलेला. कोपऱ्यात १४. त्याला अश्रुधुराचा तिखट वास होता आणि त्याखाली दुसरा, तांब्याच्या भांड्यात पाणी शिळं झाल्यावर येतो तसला.

मी धुतला. सोडा, रिठे, राख, लिंबू, काही बाकी ठेवलं नाही. संध्याकाळी उन्हानं कडक झालेला, वास नाहीसा. घडी करून ट्रंकेत ठेवला. सकाळी आठला पुन्हा वळणीवर, ओला, तोच वास घेऊन. असं रोज. शेजारची जाईबाई म्हणायची, "कौसल्या, तुका दुसरा धुणा नाय काय गो?"

बोहारणीला देऊन कप घेतला. सकाळी कप फळीवर होता आणि टॉवेल वळणीवर. ह्यांनी शिवडीला नेऊन खाडीच्या चिखलात फेकला, तरी सकाळी आला, चिखलाचा ठिपका नाही. मी हात लावला तेव्हा कापडात पिळ्याच्या सुरकुत्या दिसल्या. मी पिळते डाव्या अंगाला. हा उजव्या अंगाला पिळलेला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरगा दिलेला शब्द पाळत होता. धुऊन आणत होता, वास जात नव्हता, म्हणून पुन्हा नेत होता. चार हातांच्या कापडासाठी मी मेलेल्या पोराला धुण्याला जुंपलं होतं. त्या दिवशी मी मोरीत बसून खूप रडले.

दुसऱ्या सकाळी नळावर गेले नाही. वळणीकडे पाठ करून उभी राहिले. वळून बघायची छाती नव्हती. आठ वाजले आणि मागं फरशीवर थेंब पडायला लागले. मी म्हटलं, "राहू दे रे बाळा... तुझ्याकडंच ठेव. परत नको आणूस."

थेंब थांबले. वळले तर वळणी रिकामी. त्यानंतर चार वर्षं टॉवेल दिसला नाही, आणि मी सुटले असं समजले.

साठ सालची एक मे. महाराष्ट्र झाला म्हणून चाळीत रोषणाई चालली होती. दुपारी एक म्हातारी अनवाणी दारात आली, वर घाटावरची. गाठोड्यातून टॉवेल काढून पुढं धरला. वासानं खोली भरली.

"ह्यो तुमचा न्हवं?"

"तुम्हाला कुठं मिळाला?"

"आनंदा माझा ल्योक. हितं गिरनीत हाय. चार वर्सं झाली, चिठ्ठी न्हाई का निरोप न्हाई. पर ह्यो रोज सकाळी आमच्या वळणीवर वला असतोय. म्हंजे हाय त्यो... येतोय जातोय. न्हवं?"

त्याचं नाव मला तेव्हा कळलं.

"सपनात येऊन म्हनतोय, वास काढूनच मावशीला दे. चार वर्सं धुतीया, बाई. थकले आता. ह्यो वास कशानं जातोय?"

मी 'तुझ्याकडंच ठेव' म्हटलं होतं. तो घरी घेऊन गेला होता, आईकडे. माझ्या गळ्यातलं मी तिच्या गळ्यात घातलं होतं. तिच्या हातांची सालं सोड्यानं सोलवटलेली होती.

मी टॉवेल घेतला, तोंडाशी दाबला आणि खोल श्वास घेतला. "गेलाय की वास," म्हटलं. "किती छान निघालाय."

"गेला?"

"गेला." आणि जिन्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "मिळाला रे आनंदा. आता झालं."

म्हातारी भिंतीला टेकून खाली बसली आणि नुसती श्वास घेत राहिली. पाणी प्यायली. निघताना मी विचारलं, "घर कसं सापडलं तुम्हाला?"

"नाक्यापास्नं वली पावलं हुती की. त्येच्या मागनं आले."

ती उतरून गेल्यावर मी जिन्यात वाकून बघितलं. मे महिन्याचं ऊन, चाळीत नळाला थेंब नव्हता, आणि पायऱ्यांवर मोठी, पुरुषाची, ओली पावलं. माझ्या उंबऱ्यापर्यंत चढत आलेली. मी एकेक पायरी तपासली. उतरणारं एकही पाऊल नव्हतं.

मग आत आले. भगुल्यात पाणी तापत ठेवलं, सोडा टाकला. काय करणार, कुणीतरी धुवायला हवंच.

तर तू तेवढं उकळायचं विसरू नकोस, जाईल तुझा वास. आणि हात ओले आहेत तुझे, ते पुसून घे. अलीकडच्या टॉवेलाला पूस. आठ वाजून गेले, पलीकडचा ओला असेल.