घटकाभर टेकायला

घोटा मोडून तेवीस दिवस झाले होते. नीरजा दातारला कंटाळा आला नव्हता. ती दमली होती. सोसायटीच्या ओल्या पार्किंगमध्ये पाय घसरला, घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली, आत धातूची पट्टी आणि सात स्क्रू बसले, वरून गुडघ्यापर्यंत प्लास्टर. दीड महिना पाय टेकवायचा नाही. धायरीतल्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या दिवाणावर, उशीवर पाय ठेवून ती दिवसभर पडलेली असे. वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाऊन यायचं, एवढ्यानंही कानशिलं ठणकायची.

“थकवा येणारच,” डॉक्टर म्हणाले होते. “शरीर आतल्या आत हाड बांधतंय.”

“बांधकामं धायरीत सगळीकडेच चालू आहेत,” नीरजा म्हणाली. “तिथले मजूर निदान दुपारचे जेवायला बसतात.”

ती गणिताची शिक्षिका. बावीस वर्षं मुलांना ‘नुसतं उत्तर नको, रीत दाखव’ म्हणत आलेली. तिनं वहीत तक्ता आखला आणि दर दोन तासांनी थकव्याला दहापैकी गुण द्यायला लागली. आठवडाभराचे आकडे एकाखाली एक आले, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की थकवा हळूहळू चढत नव्हता. तीनवरून एकदम सातवर जात होता. आणि प्रत्येक वेळी त्याआधी घरात कोणीतरी येऊन गेलेलं होतं.

स्वयंपाकाच्या यमुनाबाई दिवाणाशेजारी फरशीवर बसून भाजी निवडायच्या आणि उठताना आधाराला प्लास्टरवर हात टेकायच्या. “तुमच्यापाशी टेकलं ना बाई, की अंग कसं हलकं हुतंय,” त्या म्हणायच्या. “चार घरची कामं हायती, पण इथनं गेलं की पुन्हा सकाळ झाल्यागत वाटतंय.”

समोरच्या फ्लॅटमधली प्रियदर्शनी यवतमाळची. आयटीत नोकरी, पदरात सहा महिन्यांचं बाळ. एका दुपारी ती खुर्चीवर बसून तासभर बोलली. नीरजानं वहीत नोंदलं: ती आली तेव्हा तीन, तासाभरानंतरही तीन. म्हणजे बोलण्यानं थकवा येत नव्हता. जाताना प्रियदर्शनीनं नेहमीसारखा तिचा पाय थोपटला, तळहात क्षणभर तिथंच राहू दिला. “ताई, मी लिटरली महिनोन् महिने झोपले नाहीये. पण तुमच्याकडून गेले ना, की एकदम फ्रेश वाटतं.”

दार लागलं. नीरजानं पेन उचललं. आठाचा आकडा तिला पुरता काढता आला नाही.

त्या दिवसापासून ती पाय चादरीखाली ठेवू लागली. “दुखतंय, हात नका लावू,” असं सगळ्यांना सांगू लागली. नवऱ्यालाही. आमोद रोज दुचाकीवरून हडपसरच्या कारखान्यात जायचा-यायचा आणि संध्याकाळी तिच्या पायाशी बसायचा. तोही मग खुर्चीवर बसायला लागला. खरं कारण त्याला काय सांगणार? स्वतःलाच पटत नव्हतं. पण तक्त्यातले आकडे उतरले. पाच, चार, दोन. आठव्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं चहा केला.

त्याच संध्याकाळी आमोद आला तो कोपर सोलवटून.

“कुठे पडलास?”

“कात्रजच्या अलीकडे. डोळा लागला.”

“गाडी चालवताना?”

“एक क्षण, नीरू. एकच क्षण.” तो हसायचा प्रयत्न करत होता. डोळ्यांखाली काळं झालं होतं. तो इतका ओढलेला कधी दिसायला लागला, हे तिनं पाहिलंच नव्हतं.

तिनं चादर बाजूला केली, त्याचा हात घेतला आणि प्लास्टरवर ठेवला.

गुडघ्यातून वर काहीतरी जड ओतल्यासारखं झालं. नाकात डिझेलचा धूर शिरला. कानांत यंत्रांची घरघर. उद्याचा रस्ता, परवाचा रस्ता. मग काहीच नाही.

जाग आली तेव्हा दुसऱ्या दिवशीची दुपार झाली होती. त्या सकाळी आमोद शीळ घालत गेला, असं यमुनाबाईंनी सांगितलं.

प्लास्टर निघेल तेव्हा हे थांबेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. सहाव्या आठवड्यात ते निघालं. पाय बारीक, कातडी सुकलेली, कोणा दुसऱ्याचाच असल्यासारखा. डॉक्टरांनी घोटा दाबून पाहिला. मग त्यांचा हात तिथंच राहिला. जरा जास्तच वेळ.

“हाड उत्तम जुळलंय,” ते म्हणाले. चेहरा एकदम तरतरीत दिसत होता. “पण पुढच्या आठवड्यात या. त्याच्या पुढच्याही.”

घरी येऊन ती जी झोपली, ती कुजबुजीनं जागी झाली. उन्हं उतरली असावीत. डोळे उघडत नव्हते.

“हळू,” यमुनाबाईंचा आवाज. त्यांच्याकडे घराची किल्ली असे. “उठवू नका बाईंना. दमल्यात बिचाऱ्या.”

घोट्यावर एक हात टेकला. खरखरीत, सिमेंटच्या वासाचा. तो गेला, दुसरा आला. लसणाचा वास, ओल्या बांगड्या. मग तिसरा.

तिला ओरडायचं होतं. पण प्रत्येक हाताबरोबर त्याचं ओझंही येत होतं: डोक्यावरच्या घमेल्याचं, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं, परत उभ्यानं काढायच्या रात्रपाळीचं. राग यायला तिच्यात जागाच उरली नाही.

तिनं पाय चादरीबाहेर सरकवला.

सातवा. आठवा.

मग दार ओढलं गेलं. चपला जिना उतरत गेल्या. खाली पार्किंगमध्ये यमुनाबाई कोणाला तरी “उद्या या” म्हणाल्या.

घर शांत झालं.

एक हात अजून घोट्यावर होता.

त्याला कसलाच वास नव्हता. जवळपास कोणाचा श्वास ऐकू येत नव्हता. हात थंड होता आणि फार लांबून, फार वर्षं चालत आलेल्या माणसाचा असावा तसा दमलेला.

नीरजानं डोळे उघडले नाहीत.

“बसा,” ती म्हणाली.

दिवाणाची कड हळूच दबली.