सहा वाट्यांचं दार

ठेव ते फासे खाली, ड्रू. काटकपणाला चार पडले तर चारच. या मेजावर आकडे हवे तसे वाटून घेता येत नाहीत आणि परत टाकायलाही मिळत नाहीत. तीन फासे, सहा वेळा, पडतील त्या क्रमाने. बळ, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा, छाप. जे पडेल तो तुझा गडी. तोंड वाकडं करू नकोस. तुम्ही पोरं हल्ली आपापले गडी बाजारात भाजी निवडावी तसे निवडून घेता, ते मला ठाऊक आहे. इथे नाही. का नाही, ते ऐकायचंय? मग तो वरचा दिवा मालवा आणि सॉसेजची ताटली इकडे सरकवा.

ही माझी गोष्ट नाही, लाइल टेशची आहे. तळ्याकाठी होड्या दुरुस्त करायचा तो. तीन वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी त्याला डोरीनचा फोन आला. डोरीन म्हणजे गॉर्डी ब्रँडलची बायको. गॉर्डी नाताळाच्या आधी दारातला बर्फ उपसता उपसता पडला, तो उठलाच नाही. आता ती घर विकून मुलीकडे निघाली होती.

"लाइल, तळघरातलं ते मेज घेऊन जा बाबा," ती म्हणाली. "उद्या सामान काढायला माणसं येतायत, ती मोडून टाकतील. मी बहिणीकडे झोपायला जातेय. किल्ली पायपुसण्याखाली आहे."

एवढंच काम होतं. रात्री लाइलने मेजाचे पाय सोडवून ठेवायचे, सकाळी मी ट्रक घेऊन जायचं.

त्या मेजावर गॉर्डीने तीस वर्षं आमचा कागदावरच्या गड्यांचा खेळ चालवला. भुयारं त्याची, राक्षस त्याचे, कोडी त्याची. शेवटचं कोडं म्हणजे एक दगडी दार आणि त्याच्यासमोर सहा वाट्या. वाट्यांत काय घालायचं ते आम्ही ओळखायचं. सोनं घालून झालं, मीठ घालून झालं, रक्त घालून झालं. चुकलं की गडी मेला, बनवा नवा. नव्या गड्याला एकच प्रश्न विचारता यायचा. गॉर्डी त्याचं उत्तर तोंडाने देत नसे, आवाजावरून आम्ही ताडू म्हणून. पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून बोटाच्या पेराने मेजावर ठोकायचा. एक टक म्हणजे हो. दोन म्हणजे नाही.

दोन हिवाळे आम्ही त्या दारापुढे अडकलो. "माझं प्रत्येक दार उघडतं, गाढवांनो!" असं म्हणून तो हसायचा. उत्तर मात्र कुठे लिहून ठेवायचा नाही. सगळं डोक्यात. ते डोकंच मातीत गेलं.

आणि त्याच आठवड्यात लाइलच्या फुप्फुसात डॉक्टरांना डाग दिसला होता. मला एकट्यालाच सांगितलं त्याने. "मरायचं तर मरू रे, वॉल्ट," म्हणाला, "पण ते दार बंद ठेवून जायचं म्हणजे…" हसू नका रे. माणसाला कशाची ओढ लागावी, ते काय तुम्ही ठरवणार?

तर साडेनऊला लाइल तळघरात उतरला. नटबोल्ट सोडवायचे पाने काढले, मेजावर ठेवले. आडोसा तसाच उभा होता, फासेही तिथेच. त्याला वाटलं, पाय सोडवायच्या आधी एक शेवटचा गडी बनवावा. बनवला. मग रिकाम्या खुर्चीकडे बघून, स्वतःलाच हसत म्हणाला, "काय रे लबाडा, वाट्यांत वस्तूच घालायची ना?"

टक. टक.

घर तापवायच्या भट्टीचे पाइप वाजले असतील, असं त्याला वाटलं. थंडीत वाजतात ते. पण नियम तो नियम. त्याने तो गडी मारला आणि दुसरा बनवला. काटकपणाला सहा पडले.

"मग माणूस घालायचा? आपल्यातला एक?"

टक. टक.

आता तो हसत नव्हता. आवाज पाइपांतून येत नव्हता. आडोशामागून येत होता. पलीकडे जाऊन बघावं असं त्याला वाटलं. हात मात्र फासे गोळा करत होते. तिसरा गडी. काटकपणा चार… हो ड्रू, तुझ्यासारखाच.

"गॉर्डी," तो हळूच म्हणाला, "उत्तर आहे का तरी?"

टक.

लाइलचा जीव भांड्यात पडला. मग बराच वेळ गेला. कितीतरी…

टक.

"तेव्हा भीती नाही वाटली, वॉल्ट," तो मला म्हणाला, "रडू आलं." येणारच. तीस वर्षं ज्याच्या शब्दावर आम्ही अंधारात शिरलो, त्याने आम्हाला नुसत्या भिंतीपुढे उभं केलं होतं.

लाइलने फासे पुन्हा उचलले. आता दार उघडायचं नव्हतंच. पण नवा गडी म्हणजे नवा प्रश्न. बळ पडलं. बुद्धी, शहाणपण, चपळाई. काटकपणाच्या वेळी एक फासा मेजावरून खाली पडला. खाली पडलेला फासा धरायचा नाही, उचलून परत टाकायचा. तेवढी एकच सूट. तो वाकला. फासा दिसेना.

भट्टी बंद पडली होती.

खुर्चीखाली बघितलं. नाही.

मग गॉर्डीच्या बाजूने… फासा घरंगळत आला. सावकाश. लाइलच्या बुटाला लागून थांबला.

त्याने तो उचलला. टाकला.

एक. एक. एक.

तीन. त्याहून कमी पडतच नाही.

छाप टाकायची राहिलीच. लाइल दोन्ही हात मेजावर टेकून उभा राहिला.

"गॉर्डी… मी यातून उठेन का रे?"

काहीच नाही.

काहीच नाही…

टक.

मग लाइल थांबला नाही. जिना, दार, रस्ता. डोक्यावर टोपी नाही, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. माझ्या दारात आला तेव्हा कान पांढरे पडले होते आणि माणूस हसत होता.

"एकच टक, वॉल्ट! हो म्हणाला तो!"

मी त्याला ब्रँडी पाजली. सगळं ऐकून घेतलं. सकाळी एकटाच जाऊन मेज आणलं आणि गॅरेजात ताडपत्रीखाली ठेवलं. लाइल त्याच्याकडे फिरकला नाही. म्हणाला, मला जे हवं होतं ते मिळालं. औषधाची नळी लावलेली असायची, तरी नर्सला सांगायचा, "गॉर्डीने हो म्हटलंय, बाई. तुम्ही उगाच काळजी करता." शेवटी शेवटी पाणीही पोटात राहीना, तरी तेच. मी मान डोलवायचो. एप्रिलमध्ये तळ्यावरचा बर्फ फुटला, त्याच आठवड्यात त्याला पुरला.

त्यानंतर मी ताडपत्री काढली.

ड्रू, तू बसलायस ना, तिथे गॉर्डी बसायचा. मेजावरचं ते कापड जरा वर कर. नाही, दिवा नको, नुसती बोटं फिरव. मेपलचं लाकूड आहे ते. तीस वर्षं ठोकून गॉर्डीच्या पेराची एक रेघ उमटली नव्हती त्यावर. खेळ संपला की मीच पुसायचो, मला ठाऊक आहे.

लागल्या का खाचा? बोटाच्या पेराएवढ्या… हो, खोल आहेत.

आता त्या नीट चाचपून बघ. सावकाश. माझीही बोटं कितीदा फिरली असतील त्यांवरून.

सगळ्या जोडीनेच आहेत. एकटी एकही नाही.